तुकडा क्रमांक सत्तेचाळीस आणि सासूबाई

पोहण्याच्या तलावाची चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी शोधून काढण्यापेक्षा बरं.

आमच्या कार्यालयाचं काम असं, की या सगळ्या मुलखातले डोंगरउतार, माळ, तळी, पाणथळी आणि ओढे यांचे आम्ही नकाशावर तीनशे बारा तुकडे पाडले होते. प्रत्येक तुकड्याला शंभरपैकी गुण द्यायचे, जास्त गुणांचे तुकडे आधी वाचवायचे. पण सुटे सुटे नाही, एकमेकांना जोडून. डोंगरातलं जनावर चालत आणि पाण्यातलं जनावर पोहत खालच्या दलदलीपर्यंत पोचलं पाहिजे, कुणाला रस्ता न विचारता. मॅडम म्हणायच्या, "खोल्या कितीही ऐसपैस असू द्या, मधलं दारच नसेल तर घर कसलं?"

मॅडम आमच्या प्रमुख. आम्ही सगळे मिळून सहा जण, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. नकाशा एवढा मोठा, की त्याने भिंत व्यापून खिडकीही झाकली होती. वारा हवा असेल तर आख्खी डोंगररांग गुंडाळून वर बांधावी लागे. मला तिथे टायपिंगला घेतलं होतं. नकाशाचं काम मी बटणं दाबून दाबून आणि लोकांचं डोकं खाऊन शिकले. आता तीनशे बारा तुकड्यांची यादी माझ्याच हातात असते, म्हणजे तिच्यातल्या चुकाही माझ्याच.

तर तलाव. वरून काढलेल्या फोटोत जे जे निळं दिसलं, ते ते मी पाणी म्हणून भरलं होतं. कॉम्प्युटरला काय, त्याने मोठ्या तळ्यापासून नदीपर्यंत पाणमांजरांसाठी सगळ्यांत जवळची वाट काढून दिली. तळ्यातून निघायचं, क्रीडा संकुलाच्या पोहण्याच्या तलावात उतरायचं, तिथून ट्रक धुण्याच्या हौदात, आणि मग नदीत. मॅडमनी ही वाट समितीसमोर पडद्यावर मोठी करून दाखवली. समितीचे म्हातारे अध्यक्ष चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"पाणमांजरांना सभासद करून घेणार का?" त्यांनी विचारलं. "माझा नातू जातो तिथे. टोपी घातल्याशिवाय उतरू देत नाहीत."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, फोटो काढताना हसतात तशा. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

अध्यक्ष माणूस चांगला, पण नियमाचा पक्का. तळं आणि नदी जोडणारी खरी वाट पंधरा दिवसांत दाखवा, नाहीतर नदीच्या खालच्या अंगाचे एकेचाळीस तुकडे यादीतून जातील, असं त्यांनी सांगून टाकलं. कार्यालयात आल्यावर मी तलाव खोडला, हौद खोडला आणि पुन्हा बटण दाबलं. कॉम्प्युटर घरघरत बसला. मग त्याने एक बारीकशी रेघ काढली, तळ्यापासून नदीपर्यंत, मधे कुठेही न तुटता. तुकडा क्रमांक सत्तेचाळीस.

ती रेघ कुणाच्या स्वयंपाकघरामागून जाते, ते मला नकाशा मोठा करून बघायची गरज नव्हती. भांडी घासताना रोज दिसते ती मला.

आमच्या घरामागे पाणी वाहतं. आठ पावलं रुंद, बारा महिने. पलीकडच्या काठावर माझ्या सासूबाईंची सख्खी धाकटी बहीण राहते, तिला आम्ही मावशी म्हणतो. मधे पूल नाही. भेटायचं तर कोपऱ्यावरून मोठ्या रस्त्याला लागून, दोनदा रस्ता ओलांडून, दीड किलोमीटर चालायचं. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, गुडघे त्याहून म्हातारे. त्यामुळे दोघी बहिणी काठावर उभ्या राहून ओरडून बोलतात. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाची सून उलट बोलली, सगळं. सून म्हणजे मी. दोन्ही काठांवरच्या सगळ्या घरांना माझी बारीकसारीक माहिती आहे.

अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंनी पालिकेकडे पूल मागितला. उत्तर आलं, आमच्या नोंदीत हे गटार आहे आणि गटारावर पूल नियमात बसत नाही. मग ह्यांनी एक जाड फळी आडवी टाकली, तर पालिकेची माणसं अतिक्रमण म्हणून फळीच घेऊन गेली. ती त्यांच्या ऑफिसात बाक म्हणून वापरतात. सासूबाई स्वतः तिच्यावर बसून आल्या आहेत. मग कुणीतरी सांगितलं, की पूल नाही पण गटार झाकता येतं, वरून स्लॅब टाकून. सासूबाईंनी त्याचे अर्ज सुरू केले, एकोणीस अर्ज. आणि आता, अकराव्या वर्षी, स्लॅब मंजूर झाला होता. महिन्याभरात काम सुरू. सासूबाईंनी मंजुरीचं पत्र कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं होतं, आणि रोज एकदा साडी काढायच्या निमित्ताने त्या ते बघून घेत.

स्लॅबखाली दोनशे पावलांचा अंधार. पाणमांजर त्यात शिरत नाही. म्हणजे सत्तेचाळीस यादीत आला तर स्लॅब जाणार, आणि स्लॅब आला तर सत्तेचाळीस. मधलं काही नव्हतं.

नात्यातल्या तुकड्याला कुणी स्वतः गुण द्यायचे नाहीत, हा आमचा नियम. मी मॅडमना सगळं सांगितलं.

"मग गुण गमबूट देईल. तुम्ही नुसतं लिहून घ्या," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी लिहूनही न घेतलेलं बरं. मला त्याच घरात जेवायचंय."

"बाकी सगळे डोंगरात आहेत. तीन सकाळींचा तर प्रश्न!"

गमबूट म्हणजे आमचा पाहणी करणारा. तिशीचा आहे, कार्यालयाच्या जिन्यावरसुद्धा गमबूट घालून फिरतो, त्यामुळे तो येतोय हे खालच्या टायरवाल्याला आमच्याआधी कळतं. तीन सकाळी काठावर जायचं आणि ठसे, विष्ठा, माशांचे खवले, काय सापडेल ते बघून गुण द्यायचे, ही त्याची पद्धत. डोळ्यांनी न पाहिलेल्याला तो अर्धा गुणही देत नाही.

मी घरी सांगितलं, "आई, उद्या सकाळी आमच्या ऑफिसातला एक जण मागे येणार आहे. ओढा बघायला."

"कुठला ओढा?"

"आपल्या मागचा."

"ते गटार आहे," सासूबाई म्हणाल्या. "एकोणीस अर्जांत मी गटार लिहिलंय. मला माहीत नसेल तर कुणाला?" मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "तुझ्या त्या यादीसाठी?"

मी मान डोलावली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी हातातलं ताट खाली ठेवलं.

पहिल्या सकाळी गमबूट आला आणि काठावरच्या पाल्यापाचोळ्यात पालथा पडला. तो असंच बघतो, नाक जमिनीला लावून. तासभर सरपटला. प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाची करवंटी, एक चप्पल. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

"काही नाही ना? मी म्हटलंच होतं. डास लिहिलेस का?"

"आजी, डासांना गुण नसतात."

"असायला हवेत. आम्हाला चावतात ते काय फुकट?"

पहिल्या दिवशी सत्तेचाळीसला अडतीस गुण पडले, तेही नुसत्या बारमाही पाण्याचे. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याला एक खवला सापडला, पण तो आमच्याच घरच्या माशाचा निघाला. यादीत यायला सत्तर लागतात. खोटं कशाला बोलू, माझा जीव निम्मा भांड्यात पडला होता. चूक माझी, खालचे एकेचाळीस तुकडे बुडणार, मॅडम पुन्हा त्या समितीसमोर उभ्या राहणार, हे सगळं कळत होतं. पण कपाटातलं पत्रही दिसत होतं.

आणि इथे सासूबाईंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

त्यांना राहवेना. परका माणूस आपल्या दारामागे कचऱ्यात लोळतो आणि आल्यागेल्याला दिसतो, ही त्यांना घराची नाचक्की वाटली. "लोक म्हणतील, या घरात झाडू नाही," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, गुडघे दुखत असताना, त्यांनी धुण्याच्या दगडापासून पडक्या भिंतीपर्यंतचा काठ झाडून काढला. पाला उचलला, पाणी शिंपडलं, फावड्याच्या पाठीने चिखल थापून गुळगुळीत केला. हॉटेलच्या खोलीतल्या चादरीसारखा. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता लोळू दे हवा तेवढा."

तिसऱ्या सकाळी मी गमबुटाच्या आधी मागे गेले. नुकतं फटफटलं होतं. आणि त्या थापलेल्या चिखलावर, पाण्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून परत पाण्यापर्यंत, पावलं उमटली होती. पाच बोटं, मधे पडद्यासारखं पातळ कातडं, मागे शेपटीची फरपटलेली रेघ. एक मोठं पाऊल, आणि त्याच्या आजूबाजूला दोन तऱ्हेची छोटी. पाचोळ्यावर हे जन्मात दिसलं नसतं. शिक्के मारावेत इतकं स्वच्छ होतं.

मी तिथेच उकिडवी बसले. मागे दार करकरलं. सासूबाई आल्या होत्या, हातात झाडू.

"हे कोण चाललं माझ्या झाडलेल्यावरून?" त्या म्हणाल्या. "कुत्री असणार. थांब, गमबूट यायच्या आत पुसून घेते."

त्यांनी झाडू खाली टेकवला.

मला फक्त गप्प बसायचं होतं. काही करायचं नव्हतं, काही खोटं बोलायचं नव्हतं. म्हातारी बाई आपल्या घरामागचा काठ झाडतेय, तिला कोण अडवणार? चार फटके की झालं. गमबूट येईल, लोळेल, अडतीस देईल. महिन्याभरात स्लॅब, आणि दोघी बहिणी आठ पावलांत एकमेकींच्या घरी.

झाडूचा पहिला फटका शेपटीच्या रेघेवर पडला.

"थांबा, आई," मी म्हणाले.

"का?"

"कुत्री नाहीत ती."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग चिखलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बाई काही लहान नाही. काय ते सगळं त्यांना त्या एका क्षणात कळलं. झाडू हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो भिंतीला टेकवून ठेवला, फार हळू, आणि आत गेल्या.

गमबूट आला, पालथा पडला, आणि त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. पट्टी लावून त्याने एकेक पाऊल मोजलं. "ताई, तिघं आहेत! आई आणि दोन पिल्लं! कुणी केला हा चिखल असा? आम्ही मुद्दाम करतो तो इतका चांगला होत नाही."

चौऱ्याऐंशी गुण. त्या दिवशी पहिल्यांदाच चहा आला नाही.

पुढचे सहा दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे बोलल्या, पण ह्यांच्यामार्फत. मी समोर बसलेली असायची आणि त्या ह्यांना म्हणायच्या, "तिला सांग, मीठ दे." हे मान खाली घालून म्हणायचे, "मीठ दे." मी मीठ द्यायची. ह्यांचा या सहा दिवसांत पार टेलिफोन झाला होता. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "तुम्ही दोघी काठावर उभ्या राहून ओरडा बघू, मला जेवू द्या."

एवढं मात्र माझ्या लक्षात आलं, की सासूबाई रोज उजाडायच्या आत उठून स्टूल घेऊन मागे जातात. काय करतात ते विचारायची सोय नव्हती.

सातव्या दिवशी सुनावणी होती. सभागृहात समिती, मॅडम, आम्ही, आणि पालिकेचे अभियंता साहेब, स्लॅबची जाडजूड फाइल मांडीवर घेऊन. सत्तेचाळीस नंबर आला तसे साहेब उभे राहिले.

"आमच्या नोंदीत हे गटार आहे. स्लॅब मंजूर आहे. अर्जदार आजी इथेच आहेत, त्यांची हरकत असणारच."

"बोला, आजी," अध्यक्ष म्हणाले.

सासूबाई पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन उठल्या. मॅडमनी टेबलाखाली माझा हात घट्ट धरला होता. त्यांचा हात माझ्याहून गार होता.

"मी रोज पहाटे मागे स्टुलावर बसते," सासूबाईंनी सुरुवात केली. "माझ्या झाडलेल्यावरून कोण चालतं ते बघायला. रोज झाडते, रोज येतात. लाज नाही."

"बघितलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"तिघं. आई आणि दोन पोरं. एक पोर हुशार आहे. दुसरं ढिलं. दगडाशी खेळत मागे राहतं. आई तळ्याकडून येते, नदीकडे जाते, मग बघते तर एक कमी. परत येते, मानेला धरते, नेते. सहा दिवस बघतेय. त्या पोराला काडीची शिस्त नाही." त्या जरा थांबल्या. "पण ती परत येते. कंटाळत नाही."

सासूबाई साहेबांकडे वळल्या.

"मला एक विचारायचंय. हे गटार, म्हणून मला पूल मिळाला नाही. बरोबर?"

"बरोबर. गटारावर पूल नियमात बसत नाही."

"आणि या समितीने यादीत घातलं तर?"

साहेबांनी फाइल चाळली, मग दुसरी फाइल चाळली. "मग नोंद बदलेल. तो ओढा होईल. ओढ्यावर पादपूल... हो, बसतो. पण नव्याने अर्ज करावा लागेल, आजी. पहिल्यापासून."

"किती दिवस लागतात?"

साहेब भला माणूस. त्यांनी हातातल्या एकोणीस अर्जांचा गठ्ठा नुसता वर करून दाखवला.

"आणि स्लॅब?"

"पुढच्या महिन्यात. माल येऊन पडलाय."

सासूबाई उभ्याच राहिल्या. खुर्चीच्या पाठीवरची त्यांची बोटं हलत होती, झाडूची मूठ धरताना हलतात तशी. मला वाटलं, आता म्हणतील, टाका स्लॅब. म्हणाल्या असत्या तर मी एक अक्षर बोलले नसते. अकरा वर्षं काय असतात ते मी त्याच घरात राहून बघितलंय.

"मग लिहा ओढा," त्या म्हणाल्या. आणि बसता बसता पुन्हा उठून साहेबांना बजावलं, "आणि पूल बांधाल तेव्हा खांब पाण्यात घालू नका. ते ढिलं पोर आपटेल."

मॅडमनी माझा हात सोडला, तेव्हा तो लाल झाला होता.

पुलाच्या अर्जावर दोन्ही काठांच्या सह्या लागतात. सासूबाईंनी त्याच दिवशी कोरा अर्ज साहेबांकडून हिसकावून घेतला, आणि संध्याकाळी आम्ही दोघी दीड किलोमीटर चालत मावशीकडे निघालो. हे ओरडून सांगायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं. वाटेत दोनदा टेकलो. दुसऱ्यांदा टेकलो तेव्हा त्या माझ्याशी थेट बोलल्या. "पाण्याची बाटली दे." एवढंच, पण मधे नवरा नव्हता.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"पुढच्या महिन्यात नाही?"

"नाही."

"मग कधी?"

"अर्ज करायचाय."

"त्या मांजरांसाठी?"

"पाणमांजरं. तीन आहेत."

"मी तुझी सख्खी बहीण आहे!"

"तू एकच आहेस," सासूबाई म्हणाल्या.

मावशी उठून आत निघून गेली. आता बरीच वर्षं दोन्ही काठ गप्प राहणार, असं मला वाटलं. आतून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. मावशी एक कोरी करकरीत खुर्ची घेऊन आली, प्लास्टिकचं वेष्टणही तसंच. स्लॅब झाल्यावर संध्याकाळी बाहेर बसायला तिने दोन आणून ठेवल्या होत्या, कुणाला न सांगता. तिने दातांनी ते प्लास्टिक फाडलं आणि खुर्ची सासूबाईंच्या पुढ्यात आदळली.

"बस. उभी राहून राहून गुडघ्यांचं वाटोळं केलंस."

सासूबाई बसल्या. मी अर्ज उघडून पेन काढलं. अर्जदाराच्या नावाला एकच ओळ होती.

"माझं लिही," सासूबाई म्हणाल्या. "अर्ज करायचा मला अनुभव आहे."

"तुझ्या अनुभवाला अकरा वर्षं लागली," मावशी म्हणाली. "माझं लिही गं. ही चौऱ्याहत्तरची. अर्ज मंजूर होईल तेव्हा अर्जदार जागेवर नको?"

मी पेन तसंच धरून बसले. सासूबाईंनी बहिणीकडे बघितलं, तिच्या पांढऱ्या झालेल्या भांगाकडे, मग अर्जाकडे.

"लिही," त्या मला म्हणाल्या. "तिचंच लिही. पण खाली सही करताना माझी मोठी येईल एवढी जागा सोड."